घर घेण्याआधी बसून खर्च मोजा



लूकलिखित शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला देतो. कामाला हात घालण्याआधी तो माणूस खाली बसून खर्चाचा हिशेब करणार नाही काय, असे प्रभू विचारतो. पाया घालून झाल्यावर पैसे संपले तर येणारे-जाणारे त्याला हसतील, हेही तो सांगतो. प्रभूने हा दाखला शिष्यत्वाची किंमत समजावण्यासाठी दिला हे खरे. पण तो ऐकणाऱ्यांच्या गळी उतरला, कारण त्यातला व्यवहार खरा होता. अर्धवट राहिलेली बांधकामे त्या काळीही लोकांनी पाहिलेली होती.

आज आपल्या वसईत बुरूज कोणी बांधत नाही. पण लग्न ठरले की घर पाहिले जाते. वाडीतले वडिलोपार्जित घर तीन भावांत पुरत नाही, नव्या इमारतीतली सदनिका परवडत नाही. मग १९८० आणि १९९० च्या दशकांत वसई-नालासोपारा-विरार पट्ट्यात भराभर उठलेल्या इमारतींतली एखादी जुनी सदनिका पसंत पडते. भाव चार-पाच लाखांनी कमी असतो. घरातले म्हणतात, "थोडी रंगरंगोटी करून घेऊ, लाखभरात काम होईल." या एका वाक्यावर आई-वडिलांची पुंजी, मुलीचे सोने आणि वीस वर्षांचे हप्ते पणाला लागतात. तो लाखभराचा आकडा कोणी मोजलेला नसतो.

नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्हा धर्मगुरूंना बोलावणे येते ते व्यवहार पूर्ण झाल्यावर. पवित्र पाणी शिंपडताना वरच्या छताचे पोपडे दिसतात, पण तोपर्यंत सही झालेली असते. म्हणून या रविवारी आपण आशीर्वादाच्या आधीच्या पायरीचा, म्हणजे घर पाहण्याचा आणि खर्च मोजण्याचा, थोडा अभ्यास करू.

जुन्या करारातील घरपाहणी

ओल धरलेल्या भिंतीची तपासणी हे एके काळी याजकाचे काम होते, हे अनेकांना ठाऊक नसेल. लेवीय पुस्तकाच्या १४ व्या अध्यायात, ३३ व्या ओवीपासून पुढे, त्याचा सविस्तर नियम आहे. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसले तर मालकाने याजकाला कळवायचे. याजकाने आत जाण्यापूर्वी घर रिकामे करायला सांगायचे. मग डाग भिंतीच्या पृष्ठभागावरच आहेत की आत खोल गेले आहेत ते पाहायचे. घर सात दिवस बंद ठेवायचे आणि सातव्या दिवशी पुन्हा येऊन पाहायचे. डाग पसरले असतील तर तेवढे दगड काढून टाकायचे, आतून सगळा गिलावा खरवडायचा, नवे दगड बसवून नवा गिलावा करायचा. इतके करूनही डाग परत आले, तर ते घर पाडायचे.

त्या काळच्या विधीतील शुद्ध-अशुद्धतेचा अर्थ वेगळा आहे. पण पाहणीची पद्धत आजच्या कुठल्याही अभियंत्याला मान्य होईल. घर रिकामे करून पाहा. डाग वरवरचा की खोल ते ठरवा. एकदा पाहून निर्णय घेऊ नका. दुरुस्ती करायचीच तर मुळापर्यंत करा. आणि दुरुस्त होण्यापलीकडे गेलेल्या घराचा मोह सोडा. या पाच गोष्टी ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ.

द्रव्य आणि रंग

तत्त्वज्ञानात वस्तूचे मूळ द्रव्य आणि तिच्यावरचे आगंतुक गुण असा भेद केला जातो. आंब्याच्या फोडीला चांदीचा वर्ख लावला म्हणून आतला आंबा गोड होत नाही. घराचेही तसेच आहे. रंग, टाईल्स, फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन हे आगंतुक गुण. पाया, कॉलम, बीम, स्लॅब, पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ, विजेच्या तारा आणि जमिनीची कागदपत्रे हे द्रव्य. घर पाहायला गेलेल्या माणसाचे डोळे गुणांवर खिळतात आणि पैसे मात्र द्रव्यासाठी मोजावे लागतात. रंग दोन-चार वर्षांनी बदलता येतो. कॉलमच्या आतली गंजलेली सळई रंगाने बरी होत नाही.

पहिली पाहणी कागदांची

दुरुस्तीचा हिशेब करण्याआधी, घर दुरुस्त करण्यालायक आहे का, हे कागद सांगतात. मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आधीच्या सर्व खरेदीखतांची साखळी आणि त्यांची सूची क्रमांक दोन, सोसायटीचे नोंदणी व भाग प्रमाणपत्र, जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे की नाही, हे सर्व वकिलाला दाखवा. घरपट्टीची पावती किंवा वीजबिल म्हणजे इमारत अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे.

हा सल्ला कोरडा वाटेल, पण आपल्या शेजारी काय घडले ते आठवा. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरी परिसरातील ४१ अनधिकृत इमारती मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडण्यात आल्या. ही कारवाई २०२५ च्या सुरुवातीला पूर्ण झाली. तिथे राहणाऱ्या कुटुंबांनीही कष्टाचे पैसे मोजले होते, घरे सजवली होती. त्याच वर्षी ऑगस्टच्या २६ तारखेच्या मध्यरात्री विरार पूर्वेतील रमाबाई अपार्टमेंट या इमारतीचा भाग शेजारच्या चाळीवर कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. ती इमारतही अनधिकृत होती. त्या मृतांसाठी प्रार्थना करतानाच त्यांच्यामुळे शहाणे होणे हेही आपले कर्तव्य आहे. कागद नसलेल्या घरावर दुरुस्तीचा एक रुपयाही मोजू नये.

दुसरी पाहणी घराची

घर निदान दोनदा पाहा, एकदा भर दुपारच्या उजेडात आणि एकदा पावसात. विकणारा माणूस बहुधा दिवाळीनंतर रंग काढतो आणि उन्हाळ्यात घर दाखवतो. तोवर भिंती सुकलेल्या असतात. पावसाळ्यापर्यंत थांबणे शक्य नसेल तर वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरी विचारा. शेजारी सहसा खोटे बोलत नाहीत. तळमजल्याचे घर असेल तर जुलै २०१८ च्या पुरात पाणी कुठवर आले होते, हा प्रश्न विचाराच. वसईकर तो पूर विसरलेले नाहीत आणि बोट दाखवून खूण सांगतील. सामान भरलेले घर असेल तर कपाटे, पलंग आणि भिंतीवरची कॅलेंडरे बाजूला करून घ्या. संकोच करू नका. लेवीय पुस्तकातील याजकानेही घर रिकामे करायला लावले होते.

आता काय पाहायचे ते क्रमाने सांगतो.

स्लॅब, बीम आणि कॉलम. काँक्रीटमधला चुन्याचा अंश सळईला गंजू देत नाही. पण वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो आणि हे संरक्षण हळूहळू संपते. आपल्या किनाऱ्यावर खारी हवा असल्याने मिठाचा अंशही आत शिरतो आणि गंज लवकर धरतो. गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर येते. म्हणून कॉलम-बीमच्या कडेने सळईच्या रेषेत गेलेली लांब भेग, स्लॅबखाली तांबूस डाग, सुटलेले पोपडे आणि उघडी पडलेली सळई ही सर्वात गंभीर लक्षणे आहेत. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक, वेड्यावाकड्या भेगा बहुधा किरकोळ असतात. हातोडीच्या दांड्याने किंवा काठीने हलके ठोकून पाहा. भक्कम भागाचा आवाज घट्ट येतो, आतून सुटलेल्या भागाचा पोकळ येतो. फॉल्स सीलिंग असेल तर दिव्याची चौकट काढून वर टॉर्च मारल्याशिवाय परत फिरू नका. गच्ची, बाहेरचे छज्जे, जिन्याखालची जागा आणि पार्किंगमधले कॉलमही पाहा. तिथे कोणी रंग काढलेला नसतो, त्यामुळे इमारतीची खरी प्रकृती तिथेच कळते.

ओल. भिंतीचा डाग कुठे आहे त्यावरून पाणी कुठून येते ते ओळखता येते. न्हाणीघराच्या छताला डाग असेल तर वरच्या घराची न्हाणी गळते. बाहेरच्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यात डाग असेल तर पावसाचे पाणी येते. तळमजल्याच्या भिंतीला खालून दोन-तीन फुटांपर्यंत लोणा लागला असेल, पांढरी पावडर सुटत असेल, तर जमिनीतली ओल चढते आहे. सर्वात वरच्या मजल्याच्या छताला डाग असेल तर गच्चीचा कोबा गेला आहे. कारण वेगळे तसा उपाय वेगळा आणि खर्च करणाराही वेगळा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरचे नळ आणि पावसामुळे होणारी गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते. न्हाणी, संडास, सिंक यांमुळे होणारी आतली गळती ज्याची त्याने दुरुस्त करायची असते. वरच्या घराची न्हाणी गळत असेल तर तुमच्या छताला कितीही रंग दिला तरी उपयोग नाही. वरच्या कुटुंबाशी आधी बोला. ते दुरुस्तीला तयार आहेत का, हे घराच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहे.

नळ आणि सांडपाणी. जुन्या इमारतींत भिंतीच्या आत लोखंडी नळ असतात. विहिरीचे किंवा बोअरचे मचूळ पाणी चालत असेल तर ते आतून गंजतात आणि धार बारीक होते. सर्व नळ एकाच वेळी सोडून पाहा. पहिले पाणी तांबूस येते का बघा. न्हाणीत बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जाते ते पाहा. पाणी दिवसातून किती वेळ येते, टँकर किती वेळा मागवावा लागतो आणि त्याचा खर्च कोण देतो, हे सोसायटीच्या बिलावरून कळते.

वीज. त्या काळच्या घरांत तारा दिवे, पंखे, फ्रिज एवढ्यासाठी टाकलेल्या असत. आज गिझर, एसी, मिक्सर, वॉशिंग मशीन, इंडक्शन सगळे हवे असते. परवानाधारक वायरमनला घेऊन जा. तारा तांब्याच्या आहेत का, अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, गळती झाल्यास वीज तोडणारा आरसीसीबी आहे का, हे त्याच्याकडून तपासून घ्या. यात काटकसर केली तर प्रसंगी ती जिवावर बेतते.

लाकूड. दाराच्या चौकटी, खिडक्या आणि भिंतीतली कपाटे टोचून पाहा. वाळवी बाहेरून दिसत नाही. वाडीतले जुने कौलारू घर घेत असाल तर आढे, वासे, रिपा आणि भिंतीवर टेकलेली तुळईची टोके नीट पाहा. लाकूड आधी कुजते ते तिथेच. कौले बदलणे स्वस्त, वासे बदलणे महाग.

ही पाहणी नवरा-बायकोने मिळून करावी. रोज ओट्याशी उभी राहणारी बाई ज्या गोष्टी पाहते त्या पुरुषाच्या लक्षात येत नाहीत. घरात वृद्ध आई-वडील असतील तर त्यांनाही एकदा जिना चढवून न्या. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरून रविवारी मिस्सेला येणे त्यांना किती वर्षे जमेल, हाही प्रश्न घराच्या पाहणीत येतो.

एवढे झाल्यावर पसंत पडलेले घर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. त्याचे शुल्क घराच्या किमतीच्या मानाने क्षुल्लक असते. दलालाने किंवा विकणाऱ्याने आणलेला इंजिनिअर नको, तुमचा तुम्ही शोधा.

तिसरी पाहणी सोसायटीची

सदनिका घेणारा माणूस नुसत्या चार भिंती घेत नाही. त्या इमारतीच्या पायापासून गच्चीपर्यंतच्या दुखण्यांचा तो भागीदार होतो. म्हणून सोसायटीच्या कार्यालयात जाऊन चार कागद मागा.

पहिला, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे. अहवालात इमारतीचा वर्ग दिलेला असतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. अहवालच नाही असे उत्तर मिळाले तर तेही एक उत्तर समजा.

दुसरा, सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी यांची शिल्लक. दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी आणि किमान पाऊण टक्का दुरुस्तीसाठी सभासदांकडून जमा व्हावा असे उपविधी सांगतात. महिन्याचे मेंटेनन्स फारच कमी आहे म्हणून हुरळून जाऊ नका. अशा ठिकाणी बहुधा हा निधी जमाच झालेला नसतो आणि सगळी वसुली पुढे एकदम होते.

तिसरा, गेल्या दोन-तीन सर्वसाधारण सभांचे इतिवृत्त. दुरुस्तीचा किंवा पुनर्विकासाचा विषय निघाला होता का, किती वर्गणी ठरली, वाद कोणते आहेत, हे त्यात असते.

चौथा, विकणाऱ्याची थकबाकी नसल्याचा दाखला. घरपट्टी आणि वीजबिलही भरलेले असावे, नाहीतर जुनी बाकी नव्या मालकाच्या दारात येते. हस्तांतरण शुल्काबाबतही माहिती असावी. महापालिका क्षेत्रात ते २५,००० रुपयांपेक्षा अधिक घेता येत नाही, असे शासनाच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकात आहे.

आता खाली बसून हिशेब

प्रत्येक कामाचे अंदाजपत्रक तीन कंत्राटदारांकडून घ्या, तेही कामवार, लेखी. मोजमाप किती, दर चौरस फुटाला की ब्रासला, सामान कुठल्या कंपनीचे, राडारोडा उचलण्याचा खर्च कोणाचा, जीएसटी धरला आहे का, गळतीची हमी किती वर्षांची, हे त्यात असावे. "सगळे मिळून एवढे द्या" असे सांगणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करा.

हिशेबाची रीत समजावी म्हणून एक उदाहरण घेऊ. यातले आकडे गृहीत धरलेले आहेत. खरे दर तुम्ही स्वतः काढायचे आहेत.

समजा दोन घरे पसंत पडली. पहिले २८ वर्षांच्या इमारतीत, किंमत ३२ लाख. दुसरे तेवढ्याच आकाराचे, नीट राखलेल्या इमारतीत, किंमत ३७ लाख. पहिल्या घराची कामे अशी निघाली: न्हाणी-संडासाचे वॉटरप्रूफिंग, नळ व टाईल्स १,८०,०००, विजेचे काम ९०,०००, स्लॅबची दुरुस्ती ६०,०००, गिलावा व रंग १,१०,०००, ओटा ७०,०००, खिडक्या ६०,०००. बेरीज ५,७०,००० रुपये. जुन्या घरात टाईल उखडली की खालचे नवे दुखणे बाहेर येते. त्यासाठी १५ टक्के जादा धरा, म्हणजे ८५,५००. काम चालू असताना दोन महिने भाड्याने राहावे लागेल, त्याचे २०,०००.

आता इमारतीचा वाटा. ऑडिटप्रमाणे दुरुस्ती ३६ लाखांची, सोसायटीच्या निधीत ६ लाख शिल्लक, सदनिका २४. उरलेल्या ३० लाखांचा समान वाटा प्रत्येकी १,२५,००० रुपये. हा आज द्यावा लागला नाही तरी पुढे हप्त्यांनी द्यावाच लागेल.

सगळे मिळून ८,००,५०० रुपये होतात. म्हणजे ३२ लाखांचे घर प्रत्यक्षात ४० लाखांना पडले. दुसऱ्या घरातही रंग आणि किरकोळ कामे धरून एक लाख खर्च झाला तर ते ३८ लाखांना पडते. पाच लाखांनी स्वस्त दिसणारे घर दोन लाखांनी महाग निघाले. पहिले घर घेऊच नये असा याचा अर्थ नाही. त्याची रास्त किंमत ३२ नसून ३० लाखांच्या आसपास आहे, आणि हातात अंदाजपत्रक असले तर तसे बोलता येते, एवढाच अर्थ.

याहून मोठा प्रश्न रोख रकमेचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम मिळू शकते. आमच्या उदाहरणात २८,८०,००० रुपये. उरलेले ३,२०,००० आपले. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल ३०,००० रुपये. हस्तांतरण शुल्क २५,०००. त्यात दुरुस्तीचे आठ लाख मिळवले की पावणेबारा लाख होतात आणि मुद्रांक शुल्क त्याच्याही वर. (खरेदी फक्त स्त्रीच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तिचा विचार जरूर करावा.) घर घेण्यासाठी जोडीदाराने तीन-चार लाख साठवलेले असतात आणि प्रत्यक्षात त्याच्या तिप्पट-चौपट रोख लागते. मग वैयक्तिक कर्ज, सोन्यावर कर्ज, नातेवाइकांकडून उसने. घरदुरुस्तीसाठी बँका वेगळे कर्ज देतात, पण ते आधी विचारून, अंदाजपत्रक दाखवून, एकूण हप्ता पगारात बसतो का हे पाहून घ्यायचे असते. घाईगर्दीत काढलेल्या कर्जामुळे संसाराच्या पहिल्याच वर्षी घरात भांडणे सुरू झालेली आम्ही पाहिली आहेत. छताच्या भेगेहून ती भेग बुजवायला कठीण.

विकणाऱ्याचे कर्तव्य

आपल्यापैकी काही जण घर घेणारे आहेत तसे काही विकणारेही आहेत. त्यांच्यासाठी तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात थेट मार्गदर्शन केले आहे. विकायच्या वस्तूतील दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे का, असा प्रश्न ते घेतात. दोष लपलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोहोचणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे, न सांगणे ही फसवणूक आहे, असे त्यांचे उत्तर आहे. उदाहरण देताना ते लंगड्या घोड्याबरोबर मोडकळीला आलेले घर भक्कम म्हणून विकणाऱ्याचाही उल्लेख करतात. दोष उघड दिसणारा असेल आणि त्याप्रमाणे किंमत कमी केली असेल, तर मात्र तो बोलून दाखवण्याचे बंधन नाही, असेही ते म्हणतात.

याचा आजच्या भाषेत अर्थ सरळ आहे. घर विकण्यापूर्वी रंग काढणे हे पाप नाही. गळती झाकण्यासाठी रंग काढणे मात्र खोटी साक्ष देण्यासारखे आहे. स्लॅबची सळई उघडी पडली म्हणून त्याखाली फॉल्स सीलिंग मारून घर विकले, तर आपण समोरच्या कुटुंबाला धोक्याखाली झोपायला पाठवतो. दोष सांगितल्याने दोन लाख कमी मिळतील. ते कधीच आपले नव्हते. मध्ये पडून व्यवहार जुळवणाऱ्या आपल्या बांधवांनाही हेच लागू आहे.

निर्णय

संत थॉमस विवेकाच्या तीन पायऱ्या सांगतात: सल्लामसलत करणे, त्यावरून निवाडा करणे आणि मग तो अमलात आणणे. काही जण पहिल्या पायरीवरच अडकतात, वर्षानुवर्षे घरे पाहत राहतात आणि भाव वाढत जातात. बहुतेक जण पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट टोकन देऊन मोकळे होतात. टोकन देण्याआधी कागद, घर, सोसायटी आणि हिशेब या चार गोष्टी झाल्या पाहिजेत. टोकन द्यायचेच असेल तर बँकेमार्फत, आणि कागदपत्रांत किंवा तपासणीत दोष निघाल्यास पैसे परत मिळतील असे लिहून घेऊन.

दोष निघालेले प्रत्येक घर टाकून द्यायचे नसते. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी सान दामियानोचे पडके मंदिर सोडून दिले नाही, स्वतः दगड वाहून ते दुरुस्त केले. जे सावरता येते ते सावरावे. पण किती पडले आहे, किती दगड लागतील आणि ते आणण्याची ताकद आपल्यात आहे का, हे आधी पाहावे. आपल्या धर्मग्रामात सिव्हिल इंजिनिअर, वकील, वायरमन, प्लंबर, गवंडी आहेत. घर पाहायला जाताना त्यांच्यापैकी एकाला सोबत न्या आणि त्यांच्या वेळेचा योग्य मोबदला द्या. तरुण जोडप्यांनी लग्नाच्या नोंदणीसाठी धर्मगुरूंकडे येताना घराचा विषयही मोकळेपणाने काढावा. हिशेबाला आम्ही तुमच्यासोबत बसू.

लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. लूक १४:२८-३० आणि लेवीय १४:३३-४५ वाचा. घर घेताना आपल्याकडे कोणती पायरी सर्वात जास्त गाळली जाते?

२. आपल्या स्वतःच्या सोसायटीचे शेवटचे स्ट्रक्चरल ऑडिट कधी झाले? झाले नसेल तर पुढच्या सभेत हा विषय कोण मांडेल?

३. आपल्या न्हाणीची गळती खालच्या घरात जाते का? खालच्या कुटुंबाला या आठवड्यात विचारून पाहू या.

४. उद्या आपले घर विकायचे झाले तर घेणाऱ्याला कोणते दोष सांगावे लागतील? त्यांची यादी करा आणि त्यातले जे आजच दुरुस्त करता येईल ते करा.

प्रभूच्या प्रेमात,
आपले प्रमुख धर्मगुरू